लाल म्हणजे फेज

भोसरीच्या भंगारात सर्व्हो मोटर, म्हणजे आपण किती फिरलो ते स्वतःच कळवत नेमकी फिरणारी मोटर, किलोवर मिळते. कुठल्यातरी सीएनसी मशीनवर मायक्रॉन मोजत आयुष्य घालवलेली मोटर काट्यावर बिडाच्या तुकड्यांशेजारी पडलेली, मोह होणारच ना! पॉवरच्या तीन जाड वायरी आणि अर्थिंग कुणीही ओळखेल, खरा ताप म्हणजे तो दुसरा गोल फीडबॅकचा कनेक्टर, शाफ्ट कुठे आहे ते ड्राइव्हला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्याला, कळवणारा. बारा पिना, त्यातल्या आठांनाच वायर, आणि नेमप्लेटवर फक्त 'मेड इन जर्मनी' उरलंय, बाकीचं कूलंटने धुतलं.

शाफ्टचा कोन सांगणारं यंत्र दोन प्रकारचं, एन्कोडर किंवा रिझॉल्व्हर. आता आत एन्कोडर असेल तर इलेक्ट्रॉनिक्स आलं, पाच व्होल्टच्या वायरीत चोवीस गेले की मोटर जिवंत आणि अक्कल ठार. रिझॉल्व्हर असेल तर आत नुसत्या कॉइली, मग तेवढी भीती नाही. म्हणून आधी काही जोडायचं नाही, मुकाट मल्टीमीटर घेऊन बसायचं. "अहो झाकण उघडून बघा की सरळ," ही म्हणाली. पण उघडताना आतला एन्कोडर किंवा रिझॉल्व्हर जरा जरी सरकला तर मोटरच्या रोटरशी, म्हणजे फिरणाऱ्या भागाशी, जुळवलेला अँगल गेला, तो परत जुळवणं हा वेगळाच वनवास.

तेवढ्यात शेजारचे काका आले. वीज मंडळातून रिटायर. "लाल म्हणजे फेज, एवढं काय बघतोस?" काका, फेज नाहीये इथे. रिझॉल्व्हरला लाल-काळी एक जोडी, पिवळी-निळी दुसरी अशी रीत आहे, पण ही केबल कुणीतरी मधेच बदललेली, त्यामुळे पांढरी, तपकिरी, हिरवी, पिवळी, करडी, गुलाबी, निळी, लाल असा सगळा साडीच्या दुकानाचा माल. काका तरीही लालवर ठाम.

आठ वायरींच्या जोड्या होतात अठ्ठावीस. सगळ्या मोजल्या (काका आकडे लिहून घेत होते, सुंदर अक्षर), त्यात चारच बोलल्या. दोन जोड्यांचा रेझिस्टन्स सारखा, तिसरीचा बराच कमी, चौथीचा सहाशे ओहमच्या आसपास. ही चौथी टेंपरेचर सेन्सरची असणार, खात्री करायला हिचा हेअर ड्रायर लावला मोटरच्या अंगाला. सेन्सर बसतो वाइंडिंगमध्ये खोल, त्यामुळे आकडा सरकेपर्यंत अर्धी बिल्डिंग गरम. पण सरकला, वरच सरकला! ड्रायरच्या वासाबद्दल नंतर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

मग उरला रिझॉल्व्हर. कमी रेझिस्टन्सवाली जोडी रिझॉल्व्हरच्याच फिरणाऱ्या कॉइलीची धरली, तिला मोबाइलवरून पाच किलोहर्ट्झचा टोन छोट्या ॲम्प्लिफायरमधून दिला आणि लाटा दाखवणाऱ्या छोट्या स्कोपवर बाकीच्या दोन जोड्या. शाफ्ट हळू फिरवला तर एक लाट मोठी होताना दुसरी बारीक होत जाते, एक पूर्ण झोपली की दुसरी पूर्ण उभी. साइन आणि कोसाइन, शाळेत ज्यांनी छळलं तेच दोघं! मी आनंदाने ओरडणार तोच आत्याचा फोन आला आणि तिची रिंगटोन रिझॉल्व्हरमधून जाऊन स्क्रीनवर नाचायला लागली. काका म्हणाले, "बघ, फेज आली."

आता रिझॉल्व्हर घेणारा ड्राइव्ह शोधतोय. मोटरच्या कितीतरी पट महाग पडतो तो, आणि किलोवर कुणी देत नाही.