तीन टनाला दहा किलो कमी

गाडीच्या वजनाचा विषय निघाला की आमच्या घरात पहिला संशय पोह्यांवर जातो. मग कुकरवर, मग लोणच्याच्या बरणीवर, मग माझ्या उशीवर. मेलबर्नमध्ये राहून आउटबॅकला, म्हणजे इथल्या आतल्या ओसाड मुलखात, जाणाऱ्या झाडून सगळ्या मराठी घरांत हेच घडतं, असं मंडळातल्या बायकांशी बोलून माझं ठाम मत झालं आहे. ज्या माणसाने गाडीच्या नाकावर साठ किलोचं लोखंड चढवलंय, तोच मागच्या दाराशी कमरेवर हात ठेवून विचारतो, ‘‘दोन किलो पोहे? कशाला लागतात?’’

या वेळी बेत ऊडनाडाटा ट्रॅकचा होता. साउथ ऑस्ट्रेलियात मरी नावाच्या गावापासून मार्लापर्यंत सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपासचा कच्चा रस्ता, वाटेत जुन्या घान रेल्वेचे मोडके पूल आणि समुद्रसपाटीच्याही पंधरा मीटर खाली गेलेलं लेक एअर हे सरोवर. सांगलीहून आलेल्या सासूबाईंना ऑपेरा हाउस दाखवून झालं होतं. त्यावर त्यांचा अभिप्राय ‘‘बरं आहे’’ एवढाच पडला. म्हणून आता हे.

गाडीचं पुढचं दार उघडलं की खांबावर एक छोटी पाटी दिसते. आमच्या पाटीवर जीव्हीएम २९९० असं लिहिलंय. म्हणजे गाडी, डिझेल, माणसं, डबे, पाणी, तंबू आणि वरच्या जाळीवर चुकून राहिलेली चप्पल, हे सगळं मिळून २९९० किलोच्या वर जायचं नाही. गेलं तर पोलीस दंड करतात, आणि अपघात झाला तर विमावाले याच पाटीकडे बोट दाखवून हात वर करू शकतात. नवऱ्याला ही पाटी गाडी घेतल्यापासून माहीत होती. पण जाळीवरचा तंबू घेतला त्या दिवशी, दुसरी बॅटरी बसवली त्या दिवशी, ड्रॉवर बसवायला अख्खा शनिवार घातला त्या दिवशी तिचा उल्लेखही झाला नाही. ती आठवली कधी, तर मी पोळपाट काढला तेव्हा.

मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांचे हिशोब तपासते. तेव्हा म्हटलं, चला, हाही मांडू.

रिकाम्या गाडीचं वजन कागदावर २२७० किलो. म्हणजे ७२० किलोची मुभा. ऐकायला भरपूर वाटतं. विकणारा माणूसही हाच आकडा हसतमुखाने सांगतो. पण इथे ‘टेअर’ म्हणून जे वजन देतात त्यात टाकीत फक्त दहा लिटर तेल धरलेलं असतं. आमच्या गाडीला दोन टाक्या मिळून दीडशे लिटर लागतं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ८४० ग्रॅम, तरी उरलेल्या १४० लिटरचे ११८ किलो झालेच. राहिले ६०२. आम्ही अजून फाटकाबाहेरही पडलो नव्हतो.

मग नवऱ्याच्या खात्याकडे वळले. पुढचा स्टीलचा बुलबार, म्हणजे नाकावरचा तो कठडा, ६०. त्यात बसवलेला विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र, ३०. दुसरी बॅटरी तिच्या ट्रेसकट ३०. मागचे ड्रॉवर, ज्यांत चमचेही ठेवता येतात म्हणून ते ‘तुझ्यासाठी’ घेतले होते, ते ६०. वरची जाळी ३०, जाळीवरचा तंबू ६०, बाजूला उघडणारी कनात १५. दाराखालच्या लोखंडी पट्ट्या ३०. फ्रिज आणि त्याची सरकती पाटी ४५. बेरीज ३६०. मी ती दोनदा केली, कारण नवऱ्याने दोनदा करायला लावली. तिसऱ्यांदा त्याने स्वतः केली आणि मग त्याला एकदम चहा हवासा वाटला.

राहिले २४२ किलो. यात माणसं बसवायची होती.

तर वजन विचारायची वेळ आली. मुलांनी आनंदाने काट्यावर उड्या मारल्या, एक ५२, एक ३७. नवरा ८६ भरला आणि म्हणाला, बूट होते. सासूबाईंना विचारायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

‘‘आई, तुमचं वजन किती असेल हो?’’

‘‘कशाला?’’

‘‘गाडीसाठी.’’

‘‘गाडीत बसायचंय का टेम्पोत?’’ असं म्हणून त्यांनी अठ्ठावन्न सांगितलं. ते कोणत्या सालचं होतं ते मी विचारलं नाही. बाथरूममधल्या काट्याने ६४ दाखवलं. ‘‘इथला काटा वेगळा असेल,’’ त्या म्हणाल्या. माझा आकडा मी स्वतंत्र लिहिला नाही, पाच जणांची बेरीज ३०२ एवढंच लिहिलं. ज्यांना वजाबाकी येते त्यांनी ती मनातल्या मनात करावी.

म्हणजे उणे साठ. पाण्याचा एक थेंब, पोह्यांचा एक दाणा, एक रुमालसुद्धा न भरता आम्ही साठ किलो बाहेर होतो. आणि गेला आठवडाभर या घरात चर्चा कशाची चालली होती, तर मेतकुटाच्या बाटलीची.

सासूबाईंनी कागदाकडे पाहिलं आणि खास आवाज काढून म्हणाल्या, ‘‘मीच राहते घरी. तुम्ही जाऊन या.’’ आम्ही दोघेही एकदम ‘‘छे छे’’ म्हणालो. पण माझं ‘‘छे’’ आधी आलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर मधल्या अर्ध्या सेकंदात जो चौसष्टचा आकडा उमटला तो मी पाहिला आणि त्याच्या आईनेही पाहिला. त्याचं त्याला पुढे दोन दिवस ऐकावं लागलं.

नवऱ्याचे मित्र अशा वेळी मदतीला धावून येतात. एकाने सुचवलं, ट्रेलर लाव. पण ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावरून परत गाडीच्याच अंगावर येतो, आणि गाडीच्याच हिशोबात मोजला जातो. दुसऱ्याने सुचवलं, स्प्रिंग बदल, जीव्हीएम वाढवून घे. हे इथे रीतसर करता येतं. ठरलेल्या स्प्रिंगा आणि शॉक बसवायचे, इंजिनिअरकडून प्रमाणपत्र घ्यायचं, मग दारावर नवी पाटी लागते. नुसत्या स्प्रिंगा बदलून, कागद न करता, मर्यादा वाढत नाही. गाडी फक्त मागून उंच दिसते. खर्च हजारो डॉलरांत. पोट वाढलं म्हणून मोठ्या मापाची पँट शिवावी तसा हा इलाज वाटला मला. मी तसं बोलूनही दाखवलं आणि नकळत नजर ८६ कडे गेली.

शेवटी ठरलं, अंदाज पुरे, खऱ्या काट्यावर जायचं. सगळं भरलं. पाणी साठ लिटर, म्हणजे साठ किलो, त्यात घासाघीस नाही. कपडे पन्नास, हत्यारं आणि चिखलातून गाडी ओढायचे पट्टे मिळून चाळीस, टेबल-खुर्च्या पंचवीस. माझं स्वयंपाकघर कुकर, पोळपाट, पोहे, भाजणी, गोडा मसाला, दोन बरण्या लोणचं, सगळं धरून अडतीस. आणि त्या सगळ्यावर आम्ही पाचजण बसलो.

वजनकाटा म्हणताच सासूबाईंमध्ये जान आली. माहेरची उसाची शेती. कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली लावून वडील रात्र रात्र कसे बसायचे हे त्यांनी वाटेत मुलांना सांगितलं. काट्यावर पोचल्यावर त्यांनी खिडकी खाली केली, केबिनमधल्या गोऱ्या माणसाला नीट न्याहाळलं आणि मुलाला विचारलं, ‘‘हा काटा मारत नाही ना रे?’’

‘‘आई, इथे वजन जास्त दाखवून त्याला काय मिळणार?’’

‘‘कमी दाखवत असेल. तुला बरं वाटावं म्हणून.’’

त्याने काहीही कमी दाखवलं नाही. ३२६०. पाटीपेक्षा २७० किलो जास्त. वर तो भला माणूस म्हणाला, पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी मोजू या का? कारण प्रत्येक आसाची मर्यादा वेगळी असते. पुढे १३४०, मर्यादा १४८०, म्हणजे तिथे जागा होती. मागे १९२०, मर्यादा १८००. मागच्या आसाच्याही मागे जे ठेवाल ते नुसतं मागे भार टाकत नाही, पुढची बाजू उचलतंही. शेवटी स्टिअरिंगचं सगळं आणि ब्रेकचं बरंचसं काम करायचं ते पुढच्या चाकांनाच. ड्रॉवर, फ्रिज, पाणी, सगळं आम्ही मागच्या दाराला टेकवून ठेवलं होतं, काढायला सोपं म्हणून.

घरी येताना गाडीत शांतता होती. ती लेकीने मोडली. तिला शाळेत बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांचा धडा चालू होता. २० ऑगस्ट १८६० रोजी याच मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून ही मोहीम खंड ओलांडायला निघाली. एकोणीस माणसं, तेवीस घोडे, हिंदुस्थानातून खास आणलेल्यांसह सव्वीस उंट, सहा गाड्या आणि सुमारे वीस टन सामान. त्यात ओक लाकडाचं टेबल, खुर्च्या आणि एक चिनी घंटासुद्धा होती. उंटांसाठी म्हणून पिंपांनी रम घेतली होती. एक गाडी पार्कमधून निघायच्या आतच मोडली. मध्यरात्रीपर्यंत ते एसेंडनला पोचले, तोवर आणखी दोन मोडल्या. एसेंडन म्हणजे आमच्या दंतवैद्याचं उपनगर. पुढे बालरानाल्ड गावी ओझं कमी करायची वेळ आली तेव्हा साखर आणि लिंबाचा रस मागे ठेवला गेला. रस म्हणजे तर स्कर्व्ही या रोगावरचं औषधच.

‘‘बघ,’’ मी नवऱ्याला म्हटलं, ‘‘त्यांनीही शेवटी स्वयंपाकघरच कमी केलं.’’

तो गाडी चालवत होता. चालवत राहिला.

त्या रात्री गॅरेजमध्ये जे घडलं त्याचं वर्णन मी सहानुभूतीने करणार आहे, कारण माणूस रडवेला झाला होता. आधी वरचा तंबू गेला. टपाची मर्यादा पुस्तकात १०० किलो, आणि त्यात जाळी स्वतःही धरायची. आमचं वरचं सामान मोजलं तर १०५ भरत होतं. शिवाय खडबडीत रस्त्यावर हाच आकडा दोन तृतीयांश धरा असं बरेच जाळीवाले सांगतात. (रात्री तंबूत झोपणारी माणसं यात मोजत नाहीत, तेव्हा गाडी उभी असते. हा मुद्दा नवऱ्याने तीनदा मांडला. तो बरोबर होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता.) तंबूच्या जागी जमिनीवरचे दोन साधे तंबू घेतले, अठरा किलोंचे. मग कनात, मग जाळी, मग ते ‘माझ्यासाठी’ आणलेले ड्रॉवर. त्यांचं काम आठ किलोंच्या प्लास्टिकच्या खोक्यांनी विनातक्रार केलं. विंच काढताना तो त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होता. सोबत येणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाच्या गाडीला विंच होताच, तरी. हत्यारांच्या पेटीतून बावीस किलो निघाले. त्यात एकाच मापाचे चार पाने होते. टेबल-खुर्च्यांतून दहा गेले.

सगळ्यात मोठी सुटका झाली ती डिझेलने, आणि तीही फुकटात. टाक्या काठोकाठ भरून निघायची नवऱ्याला लहानपणापासूनची सवय, त्याच्या वडिलांची स्कूटरसुद्धा कायम फुल असे. पण मरीला तेल मिळतं, तिथून दोनेकशे किलोमीटरवर विल्यम क्रीकला मिळतं, पुढे तेवढ्याच अंतरावर ऊडनाडाटाला. मग दीडशे लिटर घेऊन हिंडायचं कशाला? अर्ध्यावर निघालो. त्रेसष्ट किलो तिथल्या तिथे गळाले. पाण्याला मात्र हात लावला नाही. त्या रस्त्यावर पाण्यात काटकसर करणारा माणूस शहाणा नव्हे.

स्वयंपाकघरातून गेले सात किलो. एक बरणी, खलबत्ता आणि तांदळाची मोठी पिशवी. २७१ पैकी सात. हा कागद मी फ्रिजच्या दारावर लावला आहे. घरच्या फ्रिजच्या, गाडीतल्या नाही, तिथे चुंबकाचं वजन वाढलं असतं.

फ्रिज आणि पाणी पुढच्या सीटच्या पाठीला भिडवून ठेवलं आणि परत काट्यावर गेलो. २९८०. काटेवाल्याने अंगठा वर केला. सासूबाईंनीही त्याला अंगठा दाखवला, पण कारखान्याचा अनुभव असल्यामुळे पावती मागून घेतली.

आम्ही मिल्ड्युरामार्गे निघालो. मिल्ड्युराची संत्री प्रसिद्ध. रस्त्याकडेच्या विक्रेत्याजवळ सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि कोणी काही म्हणायच्या आत जाळीची थैली मांडीवर घेऊन बसल्या. नवऱ्याने आरशातून पाहिलं. पाटीला आणि आम्हाला आता दहा किलोंचंच अंतर होतं, आणि काटा वीस-वीसच्या पायरीने मोजतो, म्हणजे तेही अंतर देवाच्या भरवशावर. पण खरी अडचण वेगळीच होती. पुढे साउथ ऑस्ट्रेलियाची हद्द. तिथे यांबाला फळमाशी रोखायची चौकी आहे, आणि संत्री, टोमॅटो, मिरच्या पलीकडे नेता येत नाहीत. सगळं तिथल्या पिंपात टाकायचं.

‘‘टाकायचं?’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘पैसे दिलेत.’’

आणि त्यांनी वाटप सुरू केलं. शंभर किलोमीटर आम्ही संत्री खाल्ली. सालं पिशवीत, बिया पिशवीत, मुलांच्या कोपरापर्यंत रस. चौकीची पाटी दिसली तेव्हा थैली रिकामी होती, आणि सासूबाईंनी विजयी मुद्रेने मुलाला सांगितलं, ‘‘बघ. तीन किलो कमी केले तुझ्या गाडीचे.’’

‘‘आई, कमी नाही झाले. आपण खाल्लीत ना? म्हणजे ती अजून गाडीतच आहेत.’’

सासूबाईंनी यावर थोडा विचार केला.

‘‘मग पुढच्या गावात जरा थांबव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बघते काय करता येतंय.’’