मत वाया गेलं म्हणणाऱ्या मैत्रिणीला

आज दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि फोनवर बातमी आली. अमेरिकेच्या 2020 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून डेमोक्रॅटिक पक्षाच्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी माघार घेतली. बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या घराबाहेर नवऱ्याला शेजारी घेऊन उभ्या होत्या आणि सांगत होत्या. डबा तसाच राहिला. थोड्या वेळात मैत्रिणीचा मेसेज: "सांगत होते ना? मत वाया घालवलंस."

संध्याकाळपर्यंत गप्प राहिले. आता नाही राहवत.

मंगळवारी आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये प्रायमरी होती, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान. मी वॉरनबाईंना मत दिलं, तिनं बायडन यांना. बायडन यांना दिलं याचा मला राग नाही, त्यांना मनापासून मानणारे माझ्या घरातच आहेत. राग याचा आहे की तिलाही वॉरनबाईच हव्या होत्या. वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात बसून ती त्यांच्याबद्दलच बोलत होती. आणि सोमवारी रात्री फोनवर म्हणाली, "मला आवडतात गं, पण बाकीचे नाही देणार मत. बाईला नाही निवडत हे लोक. 2016 ला हिलरींचं काय झालं बघितलंस ना?"

बाकीचे. हे 'बाकीचे' मी लहानपणापासून ओळखते. साताऱ्यात आमच्या गल्लीत त्यांचं नाव 'लोक' होतं. सायकलवरून क्लासला जाऊ नको, लोक काय म्हणतील. पुण्याला एकटी राहू नको, लोक काय म्हणतील. तुझ्या गावातही हेच होतं, तूच सांगितलं आहेस. आपण दोघी त्या वाक्यापासून सुटून सातासमुद्रापार आलो, आणि मतपत्रिकेवर गोल काळा करताना तू पुन्हा त्याच लोकांना विचारलंस? अगं, तू शेजारणीचा अंदाज बांधत होतीस तेव्हा शेजारीण तुझा अंदाज बांधत होती. सगळ्यांना हवी असलेली बाई अशीच मागे पडते.

आणि वाया म्हणजे काय? प्रायमरीत आपल्याला एवढंच विचारतात, पक्षाचा उमेदवार कोण हवा. त्याचं उत्तर खरं द्यायचं. शिवाय डेमोक्रॅटिक पक्षात पहिल्या आलेल्याला सगळं मिळत नाही. ज्याला निदान 15 टक्के मतं मिळतात त्याला त्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात, आणि तेच पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवतात. म्हणजे तिसऱ्या नंबरचं मतही मोजलं जातं. हे सगळं तुला माझ्याआधी माहीत होतं, तूच मला समजावलं होतंस!

हो, स्वतःच्या राज्यात त्या तिसऱ्या आल्या. बायडन इथे प्रचाराला फिरकलेही नाहीत आणि जिंकले. सँडर्स दुसरे. हे मला नाकारता येत नाही. आपल्या पूर्वजांत चेरोकी, म्हणजे इथले मूळनिवासी, होते हे दाखवायला त्यांनी ती डीएनए चाचणी केली ती चूकच होती, तेही मान्य. पुढे.

मला खरं बोलायचंय ते 2011 बद्दल.

माझी लेक पाच महिन्यांची होती. आईचा सहा महिन्यांचा मुक्काम संपला, पासपोर्टमधल्या कागदावरची तारीख आली. लोगन विमानतळावर आई बाळाला सोडेना आणि मी आईला. डेकेअरमध्ये नंबर लागला नव्हता. जिथे जागा होती तिथला महिन्याचा आकडा ऐकून नवरा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो, तो आमच्या घरभाड्याहून मोठा होता. त्या रात्री मी राजीनाम्याची मेल लिहिली. पाठवण्याआधी याच मैत्रिणीला फोन केला. हिचं पोर तेव्हा दोन वर्षांचं, ही स्वतः थकलेली. म्हणाली, "पाठवू नकोस. सोमवारपासून माझ्याकडे आण."

सात आठवडे. रोज सकाळी सातला मी बाळ तिच्या हातात द्यायची आणि संध्याकाळी न्यायला गेले की माझ्यासाठीही वरणभात झाकून ठेवलेला असायचा. आज मी जी नोकरी करते ती त्या सात आठवड्यांमुळे आहे.

वॉरनबाई आपल्या बी मावशीची गोष्ट सांगायच्या ती आठवते? टेक्सासमध्ये कायदा शिकवत होत्या, दोन लहान मुलं, सांभाळणारं कोणी टिकेना. फोनवर रडून मावशीला सांगितलं की आता नोकरी सोडते. मावशी 78 वर्षांची. म्हणाली, उद्या नाही जमणार, पण गुरुवारी येते. आली, ती सोळा वर्षं राहिली. आपण ही गोष्ट पहिल्यांदा एकत्रच ऐकली. तू माझा हात धरला होतास. तेव्हा दोघींपैकी कोणालाच काही बोलावं लागलं नाही.

फरक एवढाच, की त्या बाईंनी ती गोष्ट सांगून डोळे पुसले नाहीत. सगळ्यांना बी मावशी मिळत नाही म्हणून योजना मांडली. कुठल्याही कुटुंबाला मुलं सांभाळायला उत्पन्नाच्या सात टक्क्यांहून जास्त खर्च येता कामा नये, आणि अगदी कमी कमाईवाल्यांना ते फुकट. पैसे कुठून? पाच कोटी डॉलर्सच्या वरच्या संपत्तीवर डॉलरमागे दोन सेंट कर. सभेत लोक दोन बोटं वर करून ओरडायचे, टू सेंट्स, टू सेंट्स. इतकं सरळ, हिशेब मांडून बोलणारं माणूस मी राजकारणात पाहिलं नव्हतं. आणि म्हणे त्या मास्तरणीसारख्या वाटतात. मास्तरीणच होत्या! त्यात कमीपणा कुठून आला? ज्या देशातून आपण आलो तिथे 1966 मध्ये बाई पंतप्रधान झाली. इथे 2020 मध्येही पहिला प्रश्न, बाई निवडून येईल का.

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. 2016 ला आपण दोघींनी पहिल्यांदा मत दिलं होतं. तुझ्या गाडीतून गेलो होतो, हिलरींसाठी. त्या रात्री तू माझ्या सोफ्यावर पहाटेपर्यंत बसून होतीस, टीव्ही बंद केल्यावरही. तुला पुन्हा ती रात्र नको होती. एवढं मला कळतं. ट्रम्प यांची भीती तुला माझ्याइतकीच आहे, कदाचित जास्त.

पण मग 'वाया' म्हणू नकोस ना. सगळं सहन करेन, तो शब्द नाही.

लेकीला आज संध्याकाळी सांगितलं. गेल्या वर्षी न्यू हॅम्पशरच्या सभेत रांगेत उभं राहून तिनं त्यांच्या करंगळीत करंगळी अडकवली होती. त्या प्रत्येक लहान मुलीकडून वचन घ्यायच्या, मुली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहतात हे लक्षात ठेवशील म्हणून. आज दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, सगळ्यात कठीण गोष्टींपैकी एक म्हणजे ती करंगळीची वचनं, त्या मुलींना अजून चार वर्षं थांबावं लागणार. तिथे त्यांचा आवाज कापला. लेक आठ वर्षांची आहे. तिनं विचारलं, "मग मावशीनं पण त्यांनाच मत दिलं होतं ना?"

मावशी म्हणजे तू. मी हो म्हटलं. तिच्याशी खोटं बोलले आज, तुझ्यासाठी.

नोव्हेंबरात उमेदवार कोणीही असो, तुझ्याच गाडीतून जायचं आहे, ते ठरलेलंच आहे. मघापासून तुझे दोन मिस्ड कॉल दिसतायत. आज नाही उचलणार. उद्या कर.