आजोबांचं पदक घासू नका: फिरत्या संदेशातल्या एकेका दाव्याला उत्तर

घरात जुनं ब्रिटिश पदक सापडलं तर काय करायचं, हे सांगणारा एक संदेश गेले काही दिवस फॉरवर्ड होत फिरतोय. त्याचा सारांश असा: राजाचं मुंडकं असलेलं पदक म्हणजे शौर्यपदक, आणि ते शुद्ध चांदीचं असतं. चिंच-मीठ किंवा टूथपेस्टने लख्ख घासा, म्हणजे खरं-खोटं कळेल. कडेवरचे आकडे टांकसाळीचे असतात, त्यांना अर्थ नाही. कड कोरी असेल किंवा स्पेलिंग चुकलं असेल तर पदक बनावट. जुनी फीत फेकून द्या, पदकं सुटी करा आणि परदेशी संग्राहकांना विका, लाखो रुपये मिळतात.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत पहिल्या महायुद्धाची पदकं आजही ट्रंकेत आहेत. त्यामुळे हा संदेश इथे वाचला जाणार आणि पाळलाही जाणार. म्हणून एकेक दावा घेतो. सुरुवात कडेपासून, कारण बाकीच्या सगळ्या सल्ल्यांनी शेवटी नुकसान तिचंच होतं.

"कडेवरचे आकडे टांकसाळीचे"

साफ चूक. पहिल्या महायुद्धाची दोन सर्रास आढळणारी पदकं म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. दोन्हींचा व्यास ३६ मिलिमीटर. त्यांच्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या कडेवर इंग्रजी अक्षरांत पलटणीतला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. १९१४-१५ स्टार हे तारेच्या आकाराचं पदक असेल, तर हाच मजकूर सपाट पाठीवर सापडतो. अशी पदकं लाखोंनी निघाली. ब्रिटिश वॉर मेडल एकट्या चांदीतच सुमारे ६५ लाख निघालं. त्या लाखोंमधलं हे एक पदक अमुक एका माणसाचं, हे फक्त कड सांगते.

वाचायची रीत सोपी आहे. पदक पुसू नका. दोन बोटांत दोन्ही बाजूंनी न धरता टेबलावर मऊ सुती कापडावर उभं टेकवा. मोबाइलचा टॉर्च वरून मारू नका, कडेला जवळजवळ समांतर धरा. तिरप्या उजेडात ठशाच्या खाचांत सावली बसते आणि झिजलेलं अक्षरही उठून दिसतं. पदक थोडं थोडं फिरवत पाच-सहा फोटो काढा, प्रत्येकात मागच्या फोटोतली दोन अक्षरं येऊ द्या. मग जसं दिसतंय तसं, एकही अक्षर न सुधारता, कागदावर उतरवा. न कळलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवा, अंदाज भरू नका. ३ आणि ८, सी आणि जी यांत हमखास घोळ होतो.

हुद्दे आखडून लिहिलेले असतात, हवालदारासाठी एच-ए-व्ही-आर एवढंच. पलटणीचा आकडा जपून वाचा, कारण १९२२ साली हे आकडे बदलले. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी तेव्हा पाचव्या मराठा रेजिमेंटच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. कडेवर ११० मराठा असेल, तर पुढे इतिहासात ती पलटण तिसरी बटालियन म्हणून शोधावी लागते. शिवाय १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत या शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. तो वेढा ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ चालला आणि शरणागतीत संपला. कडेवरच्या तीन आकड्यांमुळे घरच्या माणसाची गोष्ट बसऱ्यापासून कुतपर्यंत माग काढत नेता येते. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. तिच्या नावाची पदकं त्यामुळे मुळातच थोडी. असं पदक कुणी 'टांकसाळीचा नंबर' म्हणून घासून टाकलं, तर ते नुकसान भरून येणारं नाही.

"कड कोरी किंवा स्पेलिंग चुकलेलं म्हणजे बनावट"

मराठा हा शब्द त्या काळच्या लष्करी कागदांत आणि पदकांवर एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असाच आहे. ते तेव्हाचं अधिकृत स्पेलिंग. माणसांची नावं कारकुनाने कानाला आली तशी रोमन लिपीत उतरवली. पवारचं पोवार आणि जाधवचं जाधो होणं नेहमीचं. पुष्कळदा आडनावच नसतं, नुसतं नाव किंवा नाव आणि बापाचं नाव. आजच्या आधार कार्डाशी जुळत नाही म्हणून पदक खोटं ठरत नाही.

कोऱ्या कडेचंही तसंच. १९११च्या दिल्ली दरबाराचं पदक नाव न घालताच दिलं गेलं. (त्याच्या मागे फारसी मजकूर आहे, तो पाहून लोक त्याला मोगल काळात ढकलतात.) दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना मिळालेले स्टारही कोरेच होते.

नकली किंवा फेरफार केलेलं पदक ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. ओतीव नकलेत राजाच्या केसांचे आणि दाढीचे बारकावे लोण्यासारखे गुळगुळीत दिसतात, पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या किंवा छिद्रं असतात आणि कडेवर साच्याची शिवण दिसते किंवा ती कानशीने घासल्याच्या उभ्या रेघा दिसतात. खरं पदक ठशाने दाबलेलं असतं, त्याची सपाट जागा घट्ट आणि नितळ असते.

दुसरा प्रकार म्हणजे जुनं नाव घासून नवं घातलेलं पदक. त्यासाठी व्हर्नियर कॅलिपर लागतो. पदक घड्याळाची तबकडी समजा, वर १२ वाजता फितीची दांडी. तिथे माप घेता येत नाही. म्हणून ३ ते ९, दीड ते साडेसात आणि साडेदहा ते साडेचार अशी तीन मापं घ्या. कॅलिपरचे जबडे हलके टेकवा, दाबलं तर चांदीवर ओरखडा उठतो. तिन्ही मापं सारखी आणि ३६च्या आसपास आली तर ठीक. एखाद्या बाजूला दशांश-दोन दशांश मिलिमीटर कमी भरलं आणि त्याच बाजूला उठावाची किनार बारीक दिसली, तर तिथली धातू कुणीतरी काढली आहे. मात्र यात दर वेळी लबाडी नसते. स्वतःचं पदक हरवलेल्या सैनिकाने बाजारातून दुसरं घेऊन त्यावर आपलं नाव कोरून घेतलं, असंही व्हायचं.

"शुद्ध चांदीचं असतं"

ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं आहे, पण ती स्टर्लिंग चांदी, म्हणजे हजारात ९२५. त्याच्या जोडीचं व्हिक्टरी मेडल ब्राँझचं. १९१४-१५ स्टारही ब्राँझचा. दुसऱ्या युद्धाचं इंडिया सर्व्हिस मेडल तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं, दिसायला पांढरं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ब्रिटिश वॉर मेडल ब्राँझमध्येही निघालं, साधारण १ लाख १० हजार. हिंदी, चिनी, माल्टी अशा कामगार तुकड्यांतल्या माणसांसाठी. म्हणजे या पदकाच्या मागच्या बाजूचं घोडेस्वाराचं चित्र तपकिरी धातूत दिसलं, तर ते 'तांब्याची नक्कल' असेलच असं नाही. ते चांदीच्या पदकाहून खूप दुर्मीळ असलेलं अस्सल पदक असू शकतं. मार्सेय किंवा बसऱ्याच्या गोद्यांवर ओझी वाहिलेल्या माणसाला मिळालेलं.

धातू ओळखायला घासायची गरज नाही. लोहचुंबकाने फारसं कळत नाही, कारण चांदी, ब्राँझ आणि तांबं-निकेल यांपैकी काहीच चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे, एवढंच कळतं. घनता काढा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो. फीत सहज सरकून निघत असेल तरच काढा, शिवलेली असेल तर हा प्रयोग करू नका. आधी पदक कोरडं तोला. मग काट्यावर डिस्टिल्ड पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. पदक बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका आणि चिकटलेले बुडबुडे हलकेच झटका. आता दिसणाऱ्या आकड्याने पहिल्या वजनाला भागा. ३१.५ ग्रॅमचं पदक पाण्यात ३.०५ दाखवत असेल तर उत्तर १०.३, म्हणजे स्टर्लिंग चांदी. त्याच वजनाला ३.५च्या पुढे आकडा आला तर उत्तर ९च्या खाली, म्हणजे तांब्याचा मिश्रधातू. बुडबुडे राहिले तर घनता खोटी कमी येते, म्हणून तीनदा करा. व्हिक्टरी मेडलवर हे करू नका, त्यावर पातळ मुलामा असतो.

"चिंच-मीठ, टूथपेस्टने लख्ख करा"

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतंय. चांदीवरचा काळा थर हा हवेतल्या गंधकाशी झालेल्या संयोगातून आलेला सिल्व्हर सल्फाइडचा. त्यात पदकाचीच चांदी असते, तो घासून काढला की ती चांदीही जाते. टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात, ते आधी उंच भाग खातात: राजाची भुवई, घोड्याचा खांदा आणि कडेवरच्या अक्षरांचे काठ.

ब्राँझवर चिंच-मीठ त्याहून वाईट. देवघरातल्या तांब्याच्या तांब्याला ते चालतं, कारण तो रोज घासला आणि धुतला जातो. पदकावर चिंचेतलं आम्ल तपकिरी थर उतरवतं आणि कच्चा गुलाबी रंग उघडा पडतो. तो तपकिरी रंग शंभर वर्षांत आलेला असतो, पुन्हा तसा आणता येत नाही. मिठातलं क्लोराइड अक्षरांच्या खाचांत बसून राहतं. कोकणातल्या दमट हवेत काही आठवड्यांत तिथे फिकट हिरवी पूड फुटू लागते. याला ब्राँझ डिसीज म्हणतात. हवेत ओल आहे तोवर तो धातू पोखरत राहतो. अशी पूड दिसली तर ते पदक बाकीच्यांपासून वेगळं काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या भरपूर पुड्यांसह ठेवा आणि संवर्धकाला, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल.

घरी करायचं ते एवढंच: जलरंगाच्या मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. ठेवताना पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं वापरा. वास येणारी लवचीक पीव्हीसी पाकिटं नकोत, ती वर्षभरात चिकट हिरवा थर चढवतात. रबरबँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्रही नको, रबर आणि लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. सिलिका जेलचा रंग बदलला की पुड्या बदला. पावसाळ्यात दर पंधरवड्याला बघा.

"राजाचं मुंडकं म्हणजे शौर्यपदक"

नाही. वर सांगितलेली जवळजवळ सगळी पदकं मोहिमेत हजर असलेल्या प्रत्येकाला मिळाली. हिंदी सैनिकांसाठीची शौर्यपदकं वेगळी होती: इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, १९०७चं इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, आणि १९११पासून हिंदी सैनिकांना खुला झालेला व्हिक्टोरिया क्रॉस. तो व्हिक्टोरिया क्रॉस ब्राँझचा. रायगडच्या यशवंत घाडगे यांना १९४४ मध्ये इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर मिळाला तोही ब्राँझचाच. सावित्रीबाई खानोलकरांनी घडवलेलं परमवीर चक्रही ब्राँझचं. धातूवरून मान ठरवायचा असेल, तर सर्वोच्च पदकं भंगारात जातील.

"फीत टाका, सुटी करा, परदेशात विका"

फीत विरली असली तरी ती मूळ रेशमाची असू शकते. नवी लावायचीच असेल तर जुनी पाकिटात घालून सोबत ठेवा.

सुटी करण्याचा परिणाम आधीच दिसतो. १९८०च्या सुरुवातीला चांदी औंसाला ५० डॉलरपर्यंत चढली आणि असंख्य ब्रिटिश वॉर मेडल वितळवली गेली. आज नुसतं ब्राँझचं व्हिक्टरी मेडल एकटं का सापडतं, त्याचं एक कारण हे. एकाच नावाची जोडी, सोबत डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक आणि गणवेशातला फोटो असा संच एकत्र असेल, तरच जाणकार त्याला मोल देतो. लाखो रुपये मिळतात ते दुर्मीळ शौर्यपदकांना. ६५ लाखांतल्या एका सुट्या पदकाला नाही.

आणि कायदा. १९७२च्या अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स अ‍ॅक्टप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत, त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयाची झाली आहेत. कुरिअर करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारा.

पदक हाताशी असेल तर करण्यासारखं काम दुसरं आहे. कड वाचून झाली की युद्धात कामी आलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नंबर आणि पलटण घालून शोधा. नाव शेवटी घाला, तेही तीन-चार स्पेलिंगांनी. नोंद सापडली तर पुष्कळदा बापाचं नाव, गाव आणि जिल्हा मिळतो. गावच्या देवळाजवळ किंवा चावडीवर इतके जण युद्धाला गेले, इतके परतले नाहीत, असं सांगणारी शिळा आहे का, तेही बघा. साताऱ्याच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. पण कमिशनची यादी फक्त मेलेल्यांची आहे. जो जिवंत परतला, शेती केली, म्हातारा होऊन गेला, त्याचं नाव तिथे मिळणार नाही. कागदपत्रं हरवली असतील, तर तो त्या युद्धात होता याची घरात उरलेली खूण पुष्कळदा कडेवरच्या त्या एका ओळीतच असते.