‘तीन महिने आत ठेवा, दारू सुटते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हा मेसेज मला आतापर्यंत चार जणांकडून आला. त्यातल्या तिघांच्या घरात कुणी पीत नाही, त्यामुळे पुढे ढकलणं त्यांना सोपं गेलं असावं. चौथ्याच्या घरात मात्र पितात, आणि तो त्यातलं सगळं तसंच्या तसं करायच्या बेतात होता. हे उत्तर खरं तर त्याच्यासाठी आहे.

मेसेज थोडक्यात असा: माणूस पार तळाला जाईपर्यंत काही करू नका. मग दारू एका दिवसात बंद करा. त्याला डॉक्टर नाही, निर्धार लागतो. नंतर तीन महिने निवासी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा, मुक्काम जितका लांब तितका गुण पक्का. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगा म्हणजे नुसत्या गप्पा. औषधं म्हणजे दुसरं व्यसन. ऐकतच नसेल तर जेवणात गोळी कालवा. केंद्र निवडताना यशाचा टक्का बघा. आणि परत प्यायला तर सगळं पाण्यात गेलं असं समजा.

मी क्रमाने जात नाही. ज्याने जीव जाऊ शकतो ते आधी घेतो.

‘एका दिवसात बंद करा, डॉक्टर लागत नाही’

दारू मेंदूला दाबून धरते. वर्षानुवर्षं रोज प्यायलं की मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावूनच काम करायला शिकतो. एका सकाळी दाब निघून गेला तरी जोर तसाच राहतो. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ तासांपासून हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, झोप उडते. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत असतो. आणि घरच्यांना ‘चला, निभावलं एकदाचं’ असं वाटू लागतं नेमक्या त्याच सुमाराला, म्हणजे ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, काही जणांना डिलिरियम ट्रेमेन्स होतो. ताप चढतो, नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालल्याचा भास होतो, आपण कुठे आहोत ते कळत नाही. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. हेरॉइन सोडताना अतोनात हाल होतात, पण त्या त्रासाने थेट मरण क्वचितच येतं. दारूचं तसं नाही. लोकांचा समज नेमका उलटा आहे.

म्हणून प्रत्येकाला भरती करा असंही नाही. पूर्वी कधी फिट आलेली नाही, दुसरा मोठा आजार नाही, घरात लक्ष द्यायला जबाबदार माणूस आहे आणि डॉक्टर रोज तपासू शकतात, अशा अनेकांची दारू घरी राहून सुटते. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध काही दिवस देऊन हळूहळू उतरवत आणतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. ते चुकवू नये, कारण त्याच्या कमतरतेने स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. हे कुणाला घरी जमेल आणि कुणाला नाही, ते आधीच्या खेपांचा इतिहास विचारून डॉक्टरांनी ठरवायचं. ज्याने पूर्वी तीन-चारदा सोडून परत धरली आहे, त्याचा त्रास पुढच्या खेपेला वाढण्याची शक्यता असते. ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ हा भरवसा म्हणूनच फसवा आहे.

केंद्राला पहिला प्रश्न हाच विचारा: रात्री दोन वाजता फिट आली तर तिथे कोण असतं? उत्तरात ‘आमच्याकडे मनोबल वाढवतात’ असं ऐकू आलं, तर फोन ठेवून द्या.

‘जेवणात गोळी कालवा’

मेसेजच्या या दोन ओळी एकमेकींच्या शेजारीच आहेत: औषध म्हणजे व्यसन, आणि औषध गुपचूप घाला. लिहिणाऱ्याला त्यात काही खटकलं नाही याचं नवल वाटतं.

ही गोळी बहुधा डायसल्फिराम असते. दारू पचताना शरीरात ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, त्याचा पुढे निचरा करणारं एन्झाइम ही गोळी अडवून धरते. गोळी पोटात असताना प्यायलं की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असलेल्याचा त्यात जीवही जाऊ शकतो. परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, आणि खोकल्याच्या औषधातलं अल्कोहोलही त्याला पुरतं. या गोळीचं सगळं काम ‘आज मी गोळी घेतलीय, आज पिता येणार नाही’ हे माणसाला ठाऊक असण्यावर चालतं. ज्याला पत्ताच नाही, तो नेहमीसारखा पिऊन येणार. पेशंटला पूर्ण कल्पना न देता ही गोळी कधीही देऊ नये, ही औषधासोबतची अधिकृत सूचना आहे. आणि बिंग फुटल्यावर तो त्या घरात पुन्हा निर्धास्तपणे जेवायला बसेल का, याचाही विचार करा.

‘औषधं म्हणजे दुसरं व्यसन’

दारूपासून लांब राहायला मदत म्हणून दिली जाणारी दोन औषधं, नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट, यांची सवय लागत नाही, नशाही होत नाही. नाल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा आणि ओढ कमी होते. अमेरिकेत दारूसाठी त्याला १९९४ मध्ये मान्यता मिळाली, ॲकॅम्प्रोसेटला २००४ मध्ये. ११८ चाचण्यांचा एकत्र आढावा २०२३ मध्ये आला. त्यानुसार साधारण ११ जणांना ॲकॅम्प्रोसेट दिलं तर एक जास्तीचा माणूस पिण्यापासून पूर्ण लांब राहतो, आणि ११ जणांना नाल्ट्रेक्सोन दिलं तर एक जण बेसुमार पिण्याकडे परत जात नाही. ही काही जादू नाही. मोठ्या चाचण्यांतही एकवाक्यता नाही: २००६ च्या कम्बाइन नावाच्या अमेरिकी अभ्यासात, १३८३ जणांमध्ये, नाल्ट्रेक्सोनचा उपयोग दिसला, ॲकॅम्प्रोसेटचा दिसला नाही. पण ११ मधला तो एक आपल्या घरातला असू शकतो. यकृत, किडनी आणि चालू असलेली वेदनाशामकं पाहूनच ही औषधं देतात. जे केंद्र ‘आम्ही औषध देतच नाही’ हे अभिमानाने सांगतं, ते हाताशी असलेलं एक हत्यार न वापरताच फेकून देतं.

‘तीन महिने आत, मुक्काम लांब तितका गुण पक्का’

विल्यम मिलर आणि रीड हेस्टर या अमेरिकी संशोधकांनी १९८६ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा निवासी उपचार एकंदरीत बाहेरून घेतलेल्या उपचारांपेक्षा सरस ठरले नाहीत. ज्यांचं व्यसन फार वाढलेलं आहे आणि ज्यांना घरादाराचा आधार नाही, त्यांना मात्र राहून फायदा होतो. पाठीमागे घर, नोकरी असलेल्या माणसाला तीन महिने दोन्हींपासून तोडण्याआधी हे डोळ्यासमोर ठेवा.

१९९७ चा प्रोजेक्ट मॅच, दारूवरच्या उपचारांची तुलना करणारी अमेरिकेतली मोठी चाचणी, मला त्याहून बोलका वाटतो. १७२६ माणसं आणि १२ आठवड्यांचे तीन प्रकारचे उपचार, तिन्ही भेटीगाठींतून चालणारे. दोन प्रकारांत १२ बैठका, तिसऱ्यात फक्त ४. वर्षाच्या शेवटी तिघांत फारसा फरक नव्हता. अजिबात उपचार न घेणाऱ्यांचा गट त्यात नव्हता, त्यामुळे ‘चार बैठका पुरेत’ असा सरसकट अर्थ काढू नये. पण बैठकांच्या किंवा दिवसांच्या मोजणीत जादू नाही, एवढं त्यातून दिसतं.

‘मीटिंगा म्हणजे गप्पा’

खरं सांगायचं तर माझंही असंच मत होतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे एए, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन बेवड्यांनी सुरू केला (ते स्वतःला तसंच म्हणवून घेत). तिथे ना डॉक्टर ना फी. पण २०२० चा कॉक्रेन आढावा (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) वाचला आणि मत बदलावं लागलं. २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. माणसाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांत वर्षभरानंतर ४२ टक्के लोक दारूपासून दूर होते, इतर मान्यताप्राप्त उपचारांत ३५ टक्के. एखाद्याला तिथली देवाची भाषा पचत नाही. त्याला जबरदस्ती करू नये. पण गप्पा म्हणून उडवून लावण्याजोगंही ते नाही.

‘तळ गाठू द्या’

तळ कुठे असतो? काहींचा स्मशानात. वाट बघण्याऐवजी घरच्यांना शिकवणारी एक पद्धत आहे, क्राफ्ट. न पिता आला तर त्याच्यासोबत छान वेळ घालवायचा, पिऊन आला तर शांतपणे बाजूला व्हायचं, त्याच्या पिण्याचे परिणाम आपण निस्तरायचे नाहीत, आणि तो जरा मऊ झाला की लगेच उपचाराचा विषय काढायचा. अमेरिकेत १९९९ मध्ये १३० कुटुंबीयांवर चाचणी झाली. क्राफ्ट शिकलेल्या घरांतली ६४ टक्के पिणारी माणसं उपचाराला आली. सगळ्यांनी मिळून एकदम समोर बसवून सुनावण्याच्या पद्धतीत ३० टक्के. त्यामुळे केंद्राला दुसरा प्रश्न: तो यायला तयार नसताना तुम्ही आम्हाला भेटता का?

‘यशाचा टक्का बघा’

टक्का सांगितला की तीन गोष्टी विचारा. मोजलं कधी, केंद्रातून सुटण्याच्या दिवशी की वर्षानंतर? मधेच निघून गेलेले धरलेत का? आणि ‘पीत नाही’ हे कुणी सांगितलं? बहुतेक ठिकाणी संभाषण इथेच संपतं.

‘परत प्यायला तर सगळं पाण्यात’

दमा किंवा ब्लड प्रेशर पुन्हा उसळलं तर आपण डॉक्टरांना फसवे ठरवत नाही, औषध बदलून घेतो. दारूतही घसरण इतकी नेहमीची आहे की तिची तयारी न करणारा कार्यक्रम अर्धवटच म्हणायला हवा. मेसेजचा खरा दोष मला इथे दिसतो. तो सगळं लक्ष आत जाण्यावर लावतो आणि बाहेर आल्यानंतरच्या दिवसांबद्दल एक ओळही लिहीत नाही.

चौथ्या माणसाला मी फोनवर एवढंच म्हटलं, की दोन केंद्रांना फोन कर आणि विचार: सुटून आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याला कोण भेटणार, कोणत्या वारी, आणि त्या दिवशी तो आला नाही तर त्याला फोन कोण करणार? एका ठिकाणी त्याला नाव आणि वार दोन्ही सांगितलं. दुसरीकडे म्हणाले, ‘आधी भरती तर करा.’