डिझायनर केवळ रंगसफेदीपुरता नसतो

"काम ठरवतात व्यवस्थापक, घडवतात अभियंते, डिझायनर शेवटी येऊन ते छान दिसेल एवढे पाहतो. ती आवडीनिवडीची बाब, आणि आता तर कॅनव्हासारख्या तयार नमुन्यांच्या ॲपवरही होते." या आशयाचा मजकूर नागपुरातील सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांत माझे सहकारीही असल्याने उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

'शेवटी येऊन' हा यातला सर्वांत घातक भाग आहे. संत्रा बागायतदारांसाठीच्या एका मोबाइल ॲपवर मी काम करू लागलो, तेव्हा प्रश्नांची यादी आधीच पक्की झाली होती आणि तीत 'पेरणीची तारीख' हा रकाना सक्तीचा होता. नागपूरच्या कळमना बाजारात काटोलकडच्या एका शेतकरीकाकांच्या शेजारी बसून अर्ज भरून घेताना त्यांचे बोट नेमके तिथेच थांबले. "झाडं बारा वर्साची हायेत, पेरणी कोनती लिवू? आंबिया हाय का मृग, थे इचारा ना जी," ते म्हणाले. संत्र्याचा सारा हिशेब बहारावर, म्हणजे झाड कोणत्या हंगामात फुलले त्यावर, चालतो. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात, तर मृगाची फेब्रुवारीपासून पुढे. त्या रकान्याला कोणताही रंग दिला असता तरी प्रश्न चुकीचाच राहिला असता. तो बदलण्यासाठी माहितीसाठ्याची रचनाच बदलावी लागली आणि अभियंत्यांचे तीन आठवडे त्यात गेले.

आवडीनिवडीचे म्हणाल, तर यातले बरेच काही मोजता येते. वेब सुगम्यतेच्या, म्हणजे संकेतस्थळ सर्वांना वापरता यावे यासाठीच्या, प्रचलित निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा लागतो. वैशाखात उघड्यावर उभे राहून मोबाइलवरची फिकट करडी अक्षरे वाचून पाहावीत, म्हणजे हा आकडा का आहे ते कळते. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळीत देवनागरीचा रफार वरून कापला गेला, तर 'अर्ज'चा 'अज' होतो. याला आवड कसे म्हणायचे?

कॅनव्हावर शुभेच्छापत्र उत्तम होते, हे मान्य. कोणता रकाना मुळात नकोच, हे मात्र ते सांगत नाही.

डिझाइन म्हणजे केवळ दिसणे नव्हे, ही समज आपल्याकडे नवी आहे असेही नाही. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने १९५८ मध्ये जो अहवाल दिला, त्यात त्यांनी साध्या लोट्याचा विचार करताना तो उचलणे, ओतणे, घासणे या बाबी तपासल्या होत्या. त्याच अहवालातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

तरीही एक दोष आमच्याकडे येतो. बैठकीत आम्ही ॲपचे तयार रंगीत पडदे (स्क्रीन) दाखवतो आणि त्यामागची पायपीट सांगतच नाही. मग पाहणाऱ्याला रंगच दिसले, तर त्याला कसा बोल लावायचा? मी हल्ली पहिल्या बैठकीत एकही पडदा दाखवत नाही. कोणाचे बोट कुठे थांबले त्याची नोंद वाचून दाखवतो, आणि कळमन्याला जाताना एक अभियंता सोबत नेतो.