पेटी ठेवली म्हणजे मधमाश्या वाचल्या, असं नाही

गोव्यात एक संदेश हातोहात फिरतोय: 'मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल, असं आइन्स्टाईन म्हणाला होता. म्हणून प्रत्येक कुळागरात (घराजवळच्या सुपारी-नारळाच्या बागेत) मधपेटी आणि खिडकीत साखरेचं पाणी ठेवा.' तळमळ खरी आहे, पण सांगितलेला उपाय माश्यांच्याच मुळावर येऊ शकतो.

आइन्स्टाईनच्या लिखाणात हे वाक्य सापडत नाही. भाताचं परागण तर फुलातल्या फुलातच होतं, त्याला माशी लागत नाही. माश्या गेल्या तर फळं, भाज्या, तेलबिया यांचं उत्पन्न घटेल, आणि तेवढं नुकसानही पुरेसं मोठं आहे.

आता पेटी. आगशीच्या वांग्याचं फूल पाहा: परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं, फूल जोरात थरथरलं तरच पराग भरपूर सांडतो. पेटीत पाळतात त्या सातेरी या देशी किंवा मेलिफेरा या परदेशी मधमाशीला ते जमत नाही. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी मात्र फूल पकडून उडण्याचे स्नायू थरथरवतात. भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर कोरतो, निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते. कुळागरातलं वठलेलं लाकूड जाळलं आणि अंगणाला सिमेंट केलं, तर शेजारी दहा पेट्या ठेवूनही या दोघी परतत नाहीत. म्हणून थोडी उघडी, न खणलेली माती राहू द्या.

दुसरं, पेटीबरोबर रोगही येतो. 1991-92 च्या सुमारास थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतात सातेरीची मोहोळं उद्ध्वस्त केली. यात माशीची अळी पाणी भरलेल्या पिशवीसारखी होते आणि पोळ्यातल्या आपल्या घरात डोकं वर करून मरते. औषध नाही. त्यामुळे अळ्यांची फ्रेम (पेटीतली पोळ्याची चौकट) उजेडात धरून तपासल्याशिवाय बाहेरगावची पेटी घेऊ नये.

खिडकीतल्या साखरपाण्यावर अनेक मोहोळांच्या माश्या जमतात, लुटालूट होते, रोग पसरतो. पाक द्यायचाच तर पावसाळ्यात फुलं नसताना, साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन, संध्याकाळी पेटीच्या आत, सकाळपर्यंत संपेल एवढाच. बाहेर थेंबही सांडू देऊ नका, मुंग्या येतात.

काजूच्या मोहरावर ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीसाठी फवारणी टळत नसेल, तर ती सूर्यास्तानंतर करा. त्यासाठी पेटीचं दार दिवसभर बंद ठेवू नका. उन्हात मोहोळ आतच गुदमरतं.