आधी दार उघडं आहे का ते बघा
नवी वेबसाइट गूगलवर दिसावी म्हणून आधी कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी) भरा, असा सल्ला एका लेखात वाचला; तो पटला नाही. गूगल तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच सांगितलंय. आमच्या वहिनी इंदूरला राजवाड्याजवळ राहतात, घरूनच चकली-अनारसे विकतात. त्यांची साइट दोन महिने गूगलवर दिसेना. सर्च कन्सोल (आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडलं तर पानापानावर ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’ अशी सूचना! साइट बनवताना वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये सर्च इंजिनांना मज्जाव करणारी खूण केलेली, ती तशीच राहिली. ती काढली, गूगलला साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) दिला, ‘होम’ऐवजी ‘इंदूरमध्ये घरगुती अनारसे’ असं शीर्षक केलं. आठवड्याभरात पानं दिसू लागली. पहिला नंबर अजून लांब आहे म्हणा. इथलं निम्मं गिऱ्हाईक हिंदीत शोधतं, त्यामुळे सध्या हिंदी पानं लिहितोय.